शंभर टक्के प्रतिसाद

मन्मथ सरांची नोकरी तासिका तत्त्वावरची, म्हणजे दर उन्हाळ्यात संपणारी. यंदा प्राचार्य अण्णारावांनी स्पष्टच सांगितलं होतं, की ज्यांच्या वर्गात पोरं उत्तरं देतील तेच पुढच्या वर्षी राहतील. त्यासाठी कॉलेजानं प्रत्येक विद्यार्थ्याला एकेक रिमोट वाटला. पडद्यावर प्रश्न आला की पोरांनी बटण दाबायचं आणि निकाल थेट प्राचार्यांच्या केबिनमधल्या टीव्हीवर दिसायचा.

आता लातुरात बी.एस्सी.ची पोरं कॉलेजात येतील कशाला? ती बसलेली अभ्यासिकेत, पोलीस भरतीची पुस्तकं उघडून. पूर्वी ती एकमेकांची हजेरी लावायची, तसे आता सगळ्यांनी आपले रिमोट मुज्तबाकडे सोपवले, कारण त्याचं घर कॉलेजासमोरच. हा गुणी पोरगा पिशवीभर रिमोट घेऊन पहिल्या बाकावर बसायचा आणि शेंगा सोलाव्यात तशी बटणं दाबायचा. सरांना दिसत नव्हतं का? चांगलं दिसत होतं. पहिल्या दिवशी ते चिडले. रात्री त्यांना दोन लेकरांच्या शाळा आठवल्या, आणि सकाळी तेच हळूच म्हणाले, "मुज्तबा, मधूनमधून चुकीचं बी दाब. खरं वाटलं पाहिजे."

तपासणी समिती आली त्याच दिवशी सर रेणापूरहून ज्या एसटीनं यायचे ती मेली वाटेत बंद पडली. सरांनी वाटेतूनच अण्णारावांना फोन करून उशीर होईल म्हणून कळवलं. प्रश्न त्यांनी आदल्या दिवशीच कॉम्प्युटरात भरून ठेवले होते, ते वेळेवर आपोआप पडद्यावर आले. मुज्तबानं इमानानं सगळी बटणं दाबली. समिती केबिनमध्ये टीव्हीसमोर बसून होती. दोन जिने चढून वर्ग बघायची तसदी कोण घेतो?

सर घामाघूम होऊन पोचले तेव्हा समिती निघून गेली होती. अण्णाराव कधी नव्हे ते खुर्चीतून उठले. समिती लई खूश झाली म्हणाले, आणि मग त्यांचा आवाज जरा उतरला.

"सर, तुम्ही नव्हता तरी तास झाला. एक बी पोरगं गळालं न्हाई. मग पुढच्या साली ह्या विषयाला माणूस कशाला लावायचा, असं समिती म्हणायली."

सरांनी तोंड उघडलं. वर्गात पोरंच नसतात हो, हे अगदी ओठांवर आलं होतं. पण पोरंच नाहीत म्हटल्यावर मास्तर तरी कशाला, हेही त्यांना तिथल्या तिथं उमगलं. बोललं तरी नोकरी जात होती, गप्प बसलं तरी जात होती.

"हाव साहेब," ते म्हणाले.

अण्णारावांनी त्यांचा हात हातात घेतला आणि मनापासून अभिनंदन केलं.