पांढरी खुंटी

"वीस दात? अगं, चाळीस वर्षं मी चाकांचे दात सांभाळलेत, एकेका चाकाला साठ-साठ! वीस दातांचं काय घेऊन बसलीस!"

घड्याळजी आजोबांनी छाती फुगवून लेकीला असं सांगितलं. लेक कामासाठी चार दिवस परगावी निघाली होती, जावई आधीच दौऱ्यावर होता, आणि साडेपाच वर्षांची नात पहिल्यांदाच आजोबांकडे राहणार होती. ती एका जागी कधी ठरतच नसे, म्हणून आजोबा तिला सेकंदकाटा म्हणत. लेकीने कागदावर सूचना लिहिल्या होत्या : दोन्ही वेळा दोन मिनिटं ब्रश, पेस्ट वाटाण्याएवढी, गोड खाल्लं की चूळ.

"बाबा, नक्की जमेल ना? माझे दात तुम्ही कधी बघितले होते का?"

ती हसतच म्हणाली, पण आजोबांना ते लागलं. कारण खरंच बघितले नव्हते! ते दुकानात निघत तेव्हा पोर झोपलेली असे, परतत तेव्हाही झोपलेलीच. दात, वेण्या, ताप, सगळं तिच्या आईनेच निभावलं, आणि आता ती जाऊनही चार वर्षं झाली होती. आजोबांनी मनाशी पक्कं केलं की या चार दिवसांत असं काम करायचं, लेकीने पुढच्या वेळी डोळे मिटून पोर सोपवली पाहिजे.

त्याच संध्याकाळी त्यांनी नातीला दिव्याखाली स्टुलावर बसवलं, डोळ्याला भिंग लावलं आणि स्टॉपवॉच हातात घेतलं.

"आ कर!"

"आजोबा, तुमचा एक डोळा केवढा मोठा दिसतोय!"

"मला तुझी दाढ त्याहून मोठी दिसतेय. हलू नकोस!"

दोन मिनिटं म्हणजे दोन मिनिटं! एकशे एकोणिसाव्या सेकंदाला तिने तोंड मिटलं, तर पुन्हा शून्यापासून सुरुवात. शेवटी दात असे लखलखले की आजोबा स्वतःवरच खूश झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंगातून पाहतात तो काय, खालचा पुढचा दात हलत होता! आजोबांनी भिंग पुसून पुन्हा पाहिलं. दुधाचे दात पडतात हे त्यांना ठाऊक होतं, पण ते सातव्या-आठव्या वर्षी, अशी त्यांची पक्की समजूत. साडेपाच वर्षं म्हणजे अजून वॉरंटीच संपली नव्हती! काल आपणच जोर लावला, दुसरं काय?

"दुखतंय का गं?"

"छे! मज्जा येते. हे बघा!" तिने जिभेने दात पुढे-मागे करून दाखवला.

"नको! राहू दे त्याला!" आजोबा ओरडले. "आणि आईला सांगायचं नाही हं. मी करतो काहीतरी."

त्या दिवशी घरातली सफरचंदं कपाटात कुलूपबंद झाली. नातीला सकाळी केळं, दुपारी केळं, मधल्या वेळी दुधात भिजवलेला पाव मिळाला. हसायचं, तेही बेताने! संध्याकाळी लेकीचा फोन आला.

"काय खाल्लंस गं?"

"केळं."

"आणि?"

"केळं. आणि आजोबांनी माझा दात सैल केलाय, पण तुला सांगायचं नाहीये."

आजोबांनी झडप घालून फोन घेतला. घाबरले की काम रखडलेल्या गिऱ्हाइकाला सांगायचं चाळीस वर्षांचं वाक्य त्यांच्या तोंडून आपोआप निघे. तेच निघालं. "झालंच आहे गं! फक्त बसवायचं राहिलंय!"

"बसवायचं? काय बसवायचं? बाबा, आधी ती हत्यारं खाली ठेवा! मी उद्याच निघते!"

झालं! चार दिवसांच्या परीक्षेत आजोबा दुसऱ्याच दिवशी नापास. सकाळ होताच त्यांनी नातीला दातांच्या डॉक्टरकडे नेलं.

"डॉक्टरबाई, माझी लेक यायच्या आत हा एवढा घट्ट करून द्या."

बाईंनी दात हलवून पाहिला. "वय किती?"

"अडुसष्ट."

"तिचं हो!"

"साडेपाच."

"मग दुधाचाच दात आहे, पडू दे की. कुणाचा पाचव्या वर्षी पडतो, कुणाचा सातव्या. दात काही घड्याळ बघून पडत नाहीत! घासलेत मात्र फार छान. तुमच्या मुलीचा पहिला दात पडला, तो आठवत नाही का?"

"दुकानात होतो," आजोबा हळूच म्हणाले.

घरी आल्यावर कपाट उघडलं, सफरचंद बाहेर आलं, आणि पहिल्याच घासाला दात तळहातावर! "पडला! आजोबा, पडला!" सेकंदकाटा घरभर नाचली.

एवढासा दात ठेवायचा कुठे? आजोबांनी सुट्या भागांचा जुना डबा काढला. रिकामा कप्पा शोधताना कोपऱ्यात एक पुडी सापडली. आत पांढरं काहीतरी होतं, आणि त्यांच्याच अक्षरातली चिठ्ठी : "पांढरी खुंटी. कुठल्या घड्याळाची, कळत नाही. गिऱ्हाईक आलं की देणे."

"माझ्या दातासारखाच आहे की!" नात म्हणाली.

आजोबा खालीच बसले. त्यांना दुकानातली एक जुनी दुपार आठवली : डोळ्याला भिंग, समोर उघडं घड्याळ, आणि टेबलाच्या कडेवरून एक चिमुकला हात काहीतरी सरकवतोय. "बाबा, हे तुमच्याकडे ठेवा." भिंग न काढता ते म्हणाले होते, "हं." आणि नंतर ती खुंटी त्यांनी तीन गजरांच्या घड्याळांना लावून पाहिली होती! आजोबांना हसू आलं, आणि रडूही आवरेना.

एवढ्यात दार उघडून लेक बॅगेसकट आत आली. तिने आधी पोरीचं तोंड उघडून पडलेल्या दाताची खिडकी पाहिली आणि सुटकेचा निःश्वास टाकला. मग टेबलावरची पुडी पाहिली, चिठ्ठी वाचली. पुन्हा एकदा वाचली. शेवटी तिने वडिलांपुढे हात पसरला.

"गिऱ्हाईक आलंय, बाबा."

आजोबांनी चष्मा पुसला, घसा खाकरला.

"झालंच आहे," ते म्हणाले. "फक्त बसवायचं राहिलंय."