लिंबाजी बहुरूपियाच्या जामिनाची हकीकत

श्री. डोळां पट्टी, हातीं तराजू, ऐसी उभी जे न्यायदेवता, तीस नमन. शके एकोणीसशे शेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, एका राज्यीं वर्तलें तें येणेंप्रमाणें.

लिंबाजी म्हणोन कोणी बहुरूपी, बापआज्याचा रिवाज धरोन कोतवालाचें सोंग घेऊन बाजारीं आला, आणि खोट्या मिशांस पीळ देऊन "चला, तुमच्या नांवें हुकूम आहे" ऐसें बोलिला, तों लोक हांसले, झोळींत धान्य घातलें. परंतु खरा कोतवाल परमुलखाहून नवा आलेला, त्यास रिवाज ठाऊक नाहीं. सरकारी वस्त्राची नक्कल केली म्हणोन त्याणें लिंबाजीस मिशांसुद्धां धरोन बंदीखान्यांत घातलें. आणि इकडे पालांत माय गोजराई अंथरुणास खिळलेली, शेवटीं लेकाच्या हातचें पाणी मुखीं पडावें इतकीच तिची आस. मग लिंबाजीनें जामिनाचा अर्ज गुजरिला. न्यायसभेच्या भिंतीवर सोनेरी अक्षरें होतीं कीं सोडणें हा नेम, कोंडणें हा अपवाद. त्याच अक्षरांखालीं न्यायाधीश महाराज विराजमान होऊन पुसते जाहले, "घर कोठें?" लिंबाजी बोलिला, "पालात, मायबाप. आज हितं, उद्या म्होरल्या गावाला." तों सरकारी वकील वदले, "म्हणजे पळेल." मग लिंबाजी मायेचें नांव घेऊन रडूं लागला, आणि वकील हांसोन वदले, "हा बहुरूपी. रडणें हेंही सोंगच." आणि महाराजांनीं मान डोलविली आणि अर्ज फेटाळिला. भरल्या पोटीं दुसऱ्याच्या आसवांची पारख करणाऱ्यांची लाज वाटावी, परंतु त्या सभेंत कोणास वाटली नाहीं.

मग वरिष्ठ सभेनें कृपावंत होऊन जामीन दिधला, आणि अट घातली कीं घरदारवाला हमीदार आणावा. पालांतल्यास घरदारवाला कोण पुसतो? तरी बाजारांतील रसूल तांबोळी उभा राहिला, "लहानपणापासनं ह्याची सोंगं बघतोय. माझं घर घ्या लिहून." आणि घर खरेंच आहे कीं नाहीं याची खातरजमा करीत कारकून बसले, सण आला, सुट्या आल्या, आणि बेडी सुटली तों गोजराई गेली होती. पाणी शेजारणीनें घातलें.

पुढें खटला उभा राहिला. पाल कोणत्याही गांवीं असो, लिंबाजी दर तारखेस पायीं चालत हजर. कोतवाल साक्षीस एकदांही आले नाहींत, आणि महाराज शांतपणें पुढील तारीख देते जाहले.

तात्पर्य, पळेल म्हणोन ज्यास कोंडिलें तो न्यायसभेच्या उंबऱ्याशीं उभा. ज्याणें धरिला तो बेपत्ता, आणि त्यास घर कोठें म्हणोन कोणीं पुसिलें नाहीं. घडलें तें लिहिलें.