टिकाऊ शाईतले सासरे

छायाचित्रांच्या छपाईविषयी या घरात माझ्याइतकं वाचन कोणाचंही नाही, हे मी अभिमानाने नव्हे, वस्तुस्थिती म्हणून नमूद करतो. दिवंगत सासऱ्यांचं छायाचित्र सासूबाईंच्या खोलीत लावायचं ठरलं, तेव्हा ते मीच छापणार हे उघड होतं. मेहुण्याला मात्र ते उघड नव्हतं. तो बाटलीतली स्वस्त शाई चकचकीत कागदावर उतरवतो आणि त्याला फोटो म्हणतो.

“भावोजी, तुमच्या खरखरीत कागदावर बाबा आजारी दिसतात. माझे बघा, कसे तुकतुकीत.”

“तुझे बाबा वर्षभरात उडून जातील,” मी शांतपणे म्हणालो. “माझे शंभर वर्षं टिकतील.”

“गेलेल्या माणसाबद्दल काय बोलताय दोघं?” बायको म्हणाली.

निवाडा सासूबाईंवर सोपवला. सासरे गेल्यापासून त्या खोलीत एकट्या झोपत नव्हत्या. समोर चेहरा असला तर झोपेन, म्हणत होत्या. पडदे ओढून, पिवळ्या दिव्याखाली दोन्ही चित्रं शेजारी शेजारी टांगली. माझे सासरे मंद हसत होते.

सकाळी मी तपासणीला गेलो, पडदा सारला आणि वळलो. सासरे हिरवे पडले होते. गालांखाली शेवाळाची छटा, हसू कुठल्या कुठे. शेजारचे तुकतुकीत बाबा जसेच्या तसे.

पलंगावर सासूबाई ताठ बसल्या. “ह्यांना काहीतरी सांगायचंय.”

“ही शाई दिव्याखाली एक आणि उन्हात दुसरी दिसते, एवढंच,” मी म्हणालो. त्या माझ्याकडे बघतही नव्हत्या. मी पडदा ओढून बाहेर पडलो, तशी मागून कुजबुज आली, “आता बरे आहात ना?”

दुपारी भिंग घेऊन पुन्हा गेलो. पडदा सारला, पुन्हा तोच हिरवा चेहरा, आणि नजर थेट माझ्यावर. उजेडाचं सगळं शास्त्र मला पाठ होतं. तरीही मानेवरचा केस न् केस उभा राहिला.

“आई, माझाच ठेवू या,” मागोमाग आलेला मेहुणा म्हणाला. “तो घाबरवत तरी नाही.”

“तुझ्या फोटोत नुसता चेहरा आहे रे,” सासूबाई म्हणाल्या. “जावईबापूंच्यात हे स्वतः आहेत. तोच राहू दे.”

अखेर या घरात अभ्यासाची कदर झाली. इथे मी गप्प बसायला हवं होतं. “कशावरून म्हणता?” मी विचारलं.

“मी एकटी असले की हसतात. तुम्ही आत आलात की असे होतात. तुमचं लग्न ठरलं, तेव्हापासून हे असंच करायचे.”

त्या रात्री सासूबाई खोलीत एकट्या, गाढ झोपल्या. मी मात्र त्या खोलीत पुन्हा पाऊल टाकलेलं नाही. ती शाई शंभर वर्षं टिकते, हे मीच सर्वांना पटवून दिलं आहे.