पाहुण्याला खपत नाही

आठल्येकाकू बिल्डिंगमध्ये कुठेही निघाल्या की हातात लाटणं असायचं. नवीन राहायला आलेल्यांना वाटे, बाई नवऱ्याला शोधताहेत. पण लाटणं होतं बटणं दाबायला. आमच्या दाराची बेल, जिन्यातला दिवा, घरचा पंखा, सगळं त्या लाटण्याच्या टोकाने दाबत. लाकडातून वीज जात नाही हे शाळेत शिकलेलं एवढंच शास्त्र त्यांच्या लक्षात होतं, आणि साठीला आल्यावर ते अचानक उपयोगी पडलं होतं.

कारण होता पेसमेकर. एकोणीसशे नव्वदच्या आसपासची गोष्ट. डोंबिवलीतल्या आमच्या गल्लीत तोवर कुणी ही वस्तू पाहिली नव्हती. काकू सारख्या चक्कर येऊन पडायला लागल्या, तेव्हा ठाण्याच्या डॉक्टरांनी डाव्या खांद्याखाली, कातडीच्या आत, ते काडेपेटीएवढं यंत्र बसवलं. काकू त्याला 'पाहुणा' म्हणत. "पाहुण्याला खपत नाही," म्हटलं की विषय संपला. मिक्सर पाहुण्याला खपत नाही. शेजारचा टीव्ही खपत नाही. माहेर ठाण्यात, देवीसाठी गाजलेल्या टेंभी नाक्याला, पण नवरात्रात तिकडे फिरकायचं नाही. बाहेर ढोल एका ठेक्यात, आत छाती दुसऱ्या, मग पाहुण्याने ऐकायचं कुणाचं?

पाहुणा बसला होता तोही अडचणीच्या जागी. टाके भरून आले तरी तिथे चुरचुरायचं, ब्लाउजचा काठ घासायचा, डाव्या कुशीवर वळता यायचं नाही. पदराचा भार सोसेना म्हणून काकूंनी पदर उजव्या खांद्यावर घेतला. भाजीवाला त्यांना गुजराती समजून 'बेन' म्हणू लागला. डावा हात वर उचलू नका, असं डॉक्टरांनी सुरुवातीला सांगितलं होतं. पुढे ते "आता उचला" म्हणाले, ते काकूंनी ऐकूनच घेतलं नाही. हात अंगाशी धरून धरून खांदा आखडला. मी वेणी घालून देते म्हटलं, तर दोन पावलं मागे सरकल्या आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच कात्रीने केस कापून आल्या.

आम्ही हसायचो. पण त्यांची भीती बघवत नसे. बोलता बोलता मध्येच थांबत, मनगटावर बोटं ठेवून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसत. एकदा मला म्हणाल्या, "टॉर्चची बॅटरी संपताना आधी मंद होते गं. हिचं कसं कळायचं?" त्यानंतर कितीतरी दिवस मीही गुपचूप स्वतःची नाडी बघत होते.

तरी मला त्यांचा राग यायचा, तो मनूमुळे. माझी मनू वर्षाचीही नव्हती. ती त्यांच्याच खांद्यावर झोपायला शिकलेली. आता ती रांगत त्यांच्याकडे गेली की काकू पाय वर घेऊन खुर्चीत बसत आणि ओरडत, "ने गं तिला, ने! पाहुण्याला खपत नाही!" पोर ओठ काढून रडायची. एवढा काय तो जिवाचा लोभ, असं मला वाटे.

चैत्रातलं हळदीकुंकू मात्र काकूंनी चुकवलं नाही. गौर सजवली, कैरीची डाळ केली, पन्हं केलं, बिल्डिंगभर आमंत्रणं गेली. बायका जमल्या, आणि काकू कोपऱ्यात हात मांडीत घेऊन बसल्या. "करंडे ठेवलेत तिथे. आपापलं लावून घ्या." बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. आमंत्रण देऊन बोलवायचं आणि कुंकू आपल्या हाताने लावायचं नाही? कुणी पन्हं अर्धं ठेवून उठलं, कुणी जिन्यात जाऊन बोललं.

मी मनूला घेऊन मागे थांबले आणि सरळ विचारलं, "काकू, आमचं काही चुकलं का?"

त्या घाबरून दाराकडे बघायला लागल्या. मग हळूच म्हणाल्या, "माझ्या आत करंट आहे गं. मला काय व्हायचंय ते होवो. पण तुम्हाला शॉक बसला तर? त्या एवढ्याशा जिवाला बसला तर?"

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगायला कशाला हवंय? घरी आले त्या दिवशी ह्यांच्या हाताला हात लागला. ताडकन मागे झाले. झटका बसला त्यांना. बोलले नाहीत, पण मी पाहिलं."

मला रडू आलं. मी कपाळ पुढे केलं. "लावा." काकूंनी करंड्यात बोट बुडवलं. खरं सांगते, त्या क्षणी मीही डोळे गच्च मिटले. कपाळाला गार, ओलसर बोट लागलं, बस.

"काही झालं?"

"काही नाही हो."

"मनूला नको लगेच," त्या म्हणाल्या.

काका स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "अगं," ते म्हणाले, "टाक्यांना धक्का लागेल म्हणून हात मागे घेतला मी. घाबरलो होतो."

काकूंनी करंडा पुढे ओढला. मग आवाज चढवून म्हणाल्या, "इकडे या. आधी तुम्हाला लावून बघते."

काका आले, वाकले. काकूंनी कुंकू लावलं. काही झालं नाही. तरी काका तसेच कपाळ पुढे करून उभे राहिले, आणि काकूंनीही बोट काढलं नाही.