आईला फोन करा

"आपल्या जुन्या सर्व्हरला आता निवृत्त करायचं," असं कंपनीच्या मालकीणबाईंनी जाहीर केलं, तेव्हा पहिला हात वर झाला तो आबाचा. आबा वयाने बत्तीसच, पण कुठल्याही नव्या गोष्टीला आधी "जरा सबुरीनं" म्हणायचा, म्हणून ऑफिसने त्याचा आबा केला होता. पाच माणसांच्या त्या कंपनीची सगळी यंत्रणा तोच बघायचा. कंपनीचं काम एवढंच: कामाच्या रगाड्यात बुडालेल्या लोकांना दर शनिवारी सकाळी दहाला मोबाइलवर निरोप पाठवायचा, "आईला फोन करा."

निरोप पाठवणारा हा प्रोग्रॅम आता कंटेनरमध्ये भरून क्लाउडवर, म्हणजे दुसऱ्यांच्या भाड्याच्या यंत्रांवर, ठेवायचा होता. कंटेनर म्हणजे एक बंद डबाच. तो सांभाळायची जबाबदारी क्लाउडवाल्यांची. डबा निपचित पडलाय असं वाटलं, की ते तो फेकून देणार आणि कुणाला न विचारता नवा लावणार.

"म्हणजे आपण निवांत!" बाई म्हणाल्या.

"त्याचीच भीती वाटते," आबा पुटपुटला. पण तीन आठवडे खपून त्याने सगळं हलवलं.

शनिवारी दहाच्या ठोक्याला निरोप सुटले. बाईंनी टाळ्या वाजवल्या. चारच मिनिटांत ग्राहकांचे फोन घेणाऱ्या काकूंनी मान वर केली.

"आबा, एक गृहस्थ म्हणतायत, निरोप दोनदा आला."

"येतो कधीकधी."

"आता म्हणतायत, तिसऱ्यांदा आला."

आबाने स्क्रीनवर नजर टाकली आणि त्याला घोळ कळला. क्लाउडवाले डब्याला सारखं विचारत होते, "जिवंत आहेस का?" निरोप पाठवण्यात गढलेल्या डब्याला उत्तर द्यायला फुरसत नव्हती. उत्तर नाही म्हणजे मेला, असं समजून ते नवा डबा लावत. कुणाला निरोप गेला याची नोंद जुन्या डब्याच्या पोटात, ती त्याच्याबरोबरच गेलेली. नवा डबा कोऱ्या मनाने यादीच्या पहिल्या नावापासून पुन्हा सुरुवात करी. यादीत वर होते ते सगळे जुने, इमानी ग्राहक.

आबाने घाईघाईने डबा बंद केला. तत्परतेने नवा हजर! पुन्हा बंद केला, पुन्हा नवा. त्याच्या प्रत्येक प्रयत्नागणिक दोन हजार लोकांना आईची आणखी एकदा आठवण होत होती.

"एक बाई रडतायत," काकू म्हणाल्या. "म्हणतात, तुम्हाला काहीतरी कळलंय आणि तुम्ही सांगत नाही आहात."

"काही कळलेलं नाही म्हणावं!"

"आणि हे दुसरे गृहस्थ विचारतायत, आई शेजारीच बसलीये, तरी फोन करू का?"

"नका करू म्हणावं!"

"काय बोलतोस!" बाई ओरडल्या. "आपल्या धंद्याचं काय?"

शेवटी आबाला खरी कळ सापडली. किती डबे चालू ठेवायचे, त्या रकान्यात त्याने शून्य टाकलं आणि सगळं शांत झालं. तोवर निरोप एकोणीस वेळा गेला होता. आबाने राजीनाम्याची पहिली ओळ मनात जुळवायला घेतली.

दुपारी काकूंनी फोन त्याच्या हातात दिला. "आजीबाई आहेत. चूक करणाऱ्याशीच बोलायचंय म्हणतात."

"तूच का रे तो?" पलीकडून खणखणीत आवाज आला. "माझे तिन्ही मुलगे एकाच वेळी मला फोन लावत बसले. प्रत्येकाला फोन बिझी. घाबरून तिघंही धावत घरी आले. धाकट्याच्या तर दोन पायांत दोन वेगळ्या चपला!"

"आजी, माफ करा. फार मोठी चूक झाली माझी."

"अरे, ऐक तरी. मधला आणि धाकटा चार वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. दारात भेटले आणि आधी एकमेकांवर ओरडले, मग त्या चपला बघून हसत सुटले. आत्ता जेवतायत."

"पुन्हा असं होणार नाही, आजी. शब्द देतो."

"शब्दबिब्द देऊ नकोस!" आजीबाई कडाडल्या. "अधूनमधून होऊ दे. फक्त आदल्या दिवशी कळव, भाजी जास्तीची आणून ठेवीन."

आबाने फोन खाली ठेवला. बाई शेजारी येऊन उभ्या होत्या.

"काय म्हणाल्या? तक्रार?"

"हो."

"कसली?"

"आधी कळवलं नाही म्हणून."