दुसरी दाखवा

"दुसरी दाखवा," केसरबाई म्हणाल्या.

सोमलिंगअप्पांनी दुसरी दाखवली. मग तिसरी दाखवली. पदर स्वतःच्या खांद्यावर टाकून दाखवला, दुकानाच्या पायरीवर उन्हात नेऊन रंग दाखवला. नांदूरघाटच्या पेठेत त्यांचं हे कापडाचं दुकान वडिलांपासूनचं, आणि या दुकानात बोलायची वाक्यं दोनच. गिऱ्हाइकाने म्हणायचं, 'दुसरी दाखवा.' अप्पांनी म्हणायचं, 'दाखवतो की.' केसरबाईंनी अर्धं कपाट गादीवर उतरवलं, गुडघ्यावर हात रेटून उठल्या आणि चप्पल सरकवता सरकवता म्हणाल्या, "जरा फिरून येते, अप्पा."

फिरून येते म्हणून गेलेलं गिऱ्हाईक परत येत नसतं, हे कापडवाल्याच्या लेकराला पाळण्यातच कळतं. अप्पांनी मात्र वाईट वाटून घेतलं नाही. ते लंगडत जाणाऱ्या केसरबाईंच्या गुडघ्याकडे बघत राहिले आणि पुटपुटले, "एम सतरा."

"काय म्हणलात?" त्यांची बायको दानम्मा शेजारी घड्या घालत होती.

"काई न्हाई. गुडघा."

दानम्माने सुस्कारा टाकला. तिला सगळं ठाऊक होतं.

भानगड अशी होती की, पुण्याला शिकणाऱ्या त्यांच्या लेकीने, प्रणिताने, एकदा फोनवर सहज सांगितलं होतं की मेडिकल कोडिंग म्हणून एक काम असतं. अमेरिकेतल्या दवाखान्यांचे कागद इकडे येतात. प्रत्येक रोगाला, प्रत्येक इजेला एक नंबर ठरलेला. डॉक्टरने लिहिलेलं वाचायचं आणि बरोबर नंबर टाकायचा, म्हणजे तिकडे विम्याची गाडी पुढे सरकते. वयाची अट नाही. पोरगी बोलून मोकळी झाली आणि इकडे शेहेचाळीस वर्षांचा बाप जागच्या जागी हरवला.

त्याला कारणही होतं. अप्पा बारावी सायन्सला केंद्रात पहिले आले होते. डॉक्टर व्हायचं त्यांनी मनाशी ठरवूनच टाकलं होतं. त्याच उन्हाळ्यात वडिलांचं अर्धं अंग गेलं आणि सगळे म्हणाले, चार दिवस गादीवर बस. ते चार दिवस अजून संपले नव्हते.

तेव्हापासून अप्पांना दुकानात बसल्या बसल्या एक खुर्ची दिसायची. गोल फिरणारी. कानाला हेडफोन, अंगावर कपिलधारच्या धबधब्याखाली उभं राहिल्यासारखा गारवा, आणि समोर एक कागद. कागदावर एक रोग, रोगाला एक नंबर. नंबर टाकला की कागद गुपचूप निघून जायचा. खांद्यावर पदर घेऊन दाखव म्हणायचा नाही, फिरून येतो म्हणायचा नाही. असं सुख जगात आहे या विचारानेच अप्पांचे डोळे मिटायचे आणि हातातली मीटरपट्टी तशीच हवेत राहायची.

त्यांनी ऑनलाइन क्लास लावला. ते जाडजूड पुस्तक गादीखाली आलं. दुपारी पेठ झोपली की अप्पा ते उघडून दानम्माला वाचून दाखवायचे.

"गाईनं लाथ मारली तर त्याला बी नंबर हाय बघ. डब्ल्यू पंचावन्न."

"आन् म्हशीनं मारली तर?"

"म्हशीचा दिसंना कुठं."

"मग कसली आलीय अमेरिका," दानम्मा म्हणाली. "काई बी करा, पर गावाला कळू देऊ नका. पोरीची सोयरीक जमायचीय. बाप नोकऱ्या हुडकतोय म्हणतील."

शेवटी एका कंपनीने मुलाखतीला बोलावलं. ऑनलाइनच. दिवस तुम्हीच सांगा म्हणाले. लगीनसराई भरात होती, रोज कुणाचा ना कुणाचा बस्ता, दुकानात पाय ठेवायला जागा नाही. अप्पांनी भिंतीवरच्या कॅलेंडरात काळा गोल शोधला आणि अमावस्येचा दिवस कळवून टाकला. अमावस्येला लग्नाचं कापड कोण घेतंय? त्या दिवशी दुकानात माशीसुद्धा यायची नाही.

"आमावस्येला नवं काम सुरू करायलात?" दानम्मा म्हणाली.

"अमेरिकेत तवा पुनव असंल."

"तिथला चंद्र काय येगळा हाय का?"

पण तारीख कळवून झाली होती.

आता दुकानात रेंज यायची ती फक्त माळ्यावर, झरोक्यापाशी. माळा म्हणजे अप्पांचं दुसरं घर. सगळा भारी माल वर. गादीच्या बरोबर वर माळ्याचं चौकोनी तोंड. बस्ता असला की अप्पा वर आणि दानम्मा खाली. तिने मीटरपट्टीने फळीला एकदा ठोकलं की काठपदराचा गठ्ठा, दोनदा ठोकलं की शालूंचा. वरून अप्पांनी सोडायचा, खालून तिने झेलायचा. लग्न झाल्यापासून दोघांचं हे चाललेलं होतं आणि एकदाही गठ्ठा भुईला लागला नव्हता. बस्त्याच्या गर्दीत नवराबायकोत याहून जास्त बोलणं होत नसे आणि कुणाचं अडतही नसे.

अमावस्येच्या सकाळी अप्पांनी लिंगपूजा उरकली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि शिडी चढले. "मी हाक मारणार न्हाई," दानम्माने शब्द दिला. "बसा निवांत."

अप्पांनी लॅपटॉप शालूंच्या थप्पीवर ठेवला. पडद्यावर सुकन्या मॅडम आल्या. चष्मा, बारीक आवाज, आणि सकाळपासून दहा-बारा जणांना तेच तेच विचारून आलेला कंटाळा. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, अप्पांनी उत्तर दिलं. दुसरा विचारला, तोही बरोबर. अप्पांच्या अंगाखाली ती खुर्ची हळूहळू फिरायला लागली.

आणि खाली दारात दोन जीपगाड्या येऊन थांबल्या.

पहिल्या गाडीतून केसरबाई उतरल्या. मागोमाग त्यांचे यजमान, गावपुढारी सुंदरराव, लग्नाची पोरगी तेजश्री, आणि मग जावा, नणंदा, मावशा, आत्या अशी एक अख्खी वाडीच उतरली.

"आक्का, आज तर आमावस्या हाय," दानम्मा कशीबशी म्हणाली.

"दहालाच सरली की, वैनी. पाडवा लागला. गुरुजीनंच येळ काढून दिलीय," केसरबाई म्हणाल्या. "त्या दिशी म्हणलं न्हवतं का, फिरून येते म्हणून."

काळ्या गोलाखाली बारीक अक्षरात वेळ लिहिलेली असते. डॉक्टरांचं अक्षर लावायला निघालेल्या अप्पांनी तेवढंच वाचलं नव्हतं.

दानम्मा शब्दाची पक्की. तिने एकटीने कपाटं रिकामी केली, चहा मागवला, सुंदररावांना पंख्याखाली बसवलं. पण केसरबाईंचं समाधान होईना. "ह्ये सगळं त्या दिशी बघितलंय. वरचा माल दाखवा. शालू." तोंडाने हाक मारायची नाही असं ठरलं होतं. मात्र पंचवीस वर्षांची सवय हातात असते. शालू हा शब्द कानावर पडला आणि मीटरपट्टीने आपोआप फळीवर दोन टोले दिले.

वर अप्पा फुप्फुसाच्या रोगांवर बोलत होते. तोंड बोलत राहिलं, डोळे मॅडमकडे राहिले आणि डाव्या हाताने शालूंचा गठ्ठा उचलून माळ्याच्या तोंडातून सोडला.

खाली झेलायला कोणी नव्हतं. टोले आपणच दिले हे दानम्माला उमगलंच नव्हतं, ती बशा भरत होती. सुंदरराव मात्र वारा नीट लागावा म्हणून थोडे सरकून बरोबर चौकोनाखाली बसले होते. हातात भरलेली बशी होती.

"मेलो," एवढंच वर ऐकू आलं.

"तुमच्याकडे काही पडलं का?" सुकन्या मॅडमनी विचारलं.

अप्पांना खोटं बोलता येत नसे. "गठ्ठा पडला, मॅडम. गिऱ्हाइकाच्या डोक्यात."

मॅडम सकाळपासून पहिल्यांदाच खुर्चीत सरळ बसल्या. "बरं. मग याचेच कोड सांगा."

"डब्ल्यू वीस. वस्तू अंगावर पडणे."

"हे कारण झालं. इजा कोणती?"

अप्पांनी चौकोनातून मान खाली घातली. "मालक, लागलं कुठं?"

"दिसंना का बे? टाळूला टेंगूळ आलंय आन् मांडी भाजलीय चहानं."

अप्पांनी मान वर काढली. "टाळूला एस शून्य शून्य. मांडी भाजली, टी चोवीस. गरम चहा, एक्स दहा."

"टी चोवीस फार मोघम आहे," मॅडम म्हणाल्या. "दुसरा दाखवा."

अप्पांच्या तोंडातून सवयीने निघून गेलं, "दाखवतो की." पुन्हा मान खाली. "मालक, डावी का उजवी?"

"उजवी."

"लाल झालीय का फोड आलाय?"

"लाल झालीय, आन् तू खाली ये, तुझी बी करतो."

"वैनी, ह्यातली दुसरी दाखवा," केसरबाई म्हणाल्या. नवऱ्याच्या डोक्यात पडलेला गठ्ठा त्यांनी तेवढ्यात सोडलाही होता.

"दाखवतो की," अप्पांनी वरून एक शालू सोडला आणि मॅडमना पुढचा कोड दिला.

"अजून नेमका. दुसरा दाखवा."

"दाखवतो की."

"डाळिंबी न्हाई का ह्यात?"

"दाखवतो की."

"जागेचा कोड राहिला."

"दुकान. वाय ब्याण्णव."

"आणि इजा झाली तेव्हा काय चाललं होतं?"

"बस्ता." अप्पांनी पुस्तकाची पानं उलटली, पुन्हा उलटली. "विणकामाला नंबर हाय, नाचाला हाय, योगासनाला हाय. बस्त्याला न्हाई, मॅडम."

"मग काय टाकाल?"

"काईच न्हाई. दुकानात नसलेला माल आमी हाय म्हणून सांगत न्हाई."

मॅडमनी काहीतरी लिहून घेतलं. तेवढ्यात शिडी करकरली आणि चौकोनातून सुंदररावांचं टेंगूळ वर आलं, पाठोपाठ सुंदरराव.

"सोमलिंग, कावून टाकला बे गठ्ठा? आन् माझी मांडी कुणाला सांगायलास?" एवढ्यात त्यांना पडद्यावरच्या मॅडम दिसल्या. निवडणूक जवळ आली होती. सुंदररावांचे हात आपोआप जुळले.

"हेच का पेशंट?" मॅडमनी विचारलं.

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. अप्पांच्या डोळ्यांपुढे पोरीची सोयरीक आणि गेलेला बस्ता एकदमच उभे राहिले. "मालक, माफ करा," ते म्हणाले. "नोकरीची परीक्षा चाललीय माझी. अमेरिकेत दुखण्याला नंबर असतात. तुमच्या दुखण्याचेच विचारले. पाच निघाले."

सुंदररावांनी मिशीवरून हात फिरवला. "पाच?"

"पाच."

"साध्या माणसाला किती निघत्यात?"

"एखाद-दुसरा."

सुंदरराव आवाज खाली आणून म्हणाले, "अजून एखादा बसतोय का बघ." आणि शिडी उतरून गादीवर असे टेकले, की मांडी सगळ्यांना दिसावी. "अमेरिकेनं पाच नंबर दिलेत," ते मेहुण्याला सांगत असलेले वर ऐकू आले.

सुकन्या मॅडम हसत होत्या. मग गंभीर झाल्या. "अप्पा, मी तुमची निवड करतेय."

अप्पांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. बारावीच्या निकालानंतर पहिल्यांदा कोणीतरी त्यांना पास म्हणत होतं.

"कोड काय, पुस्तकात सापडतात," मॅडम म्हणाल्या. "पण आमच्याकडे तुमच्यावर एक ऑडिटर असतो. तुम्ही कोड दिला की तो म्हणणार, दुसरा दाखवा. मग अजून दुसरा. दिवसभर तेच. पुष्कळदा शेवटी पहिलाच बरोबर ठरतो. पोरं वैतागतात, सोडून जातात. तुमच्या कपाळावर एक आठी आली नाही. कुठं शिकलात हो हे?"

अप्पांची खुर्ची एक गिरकी घेऊन थांबली. खाली केसरबाई म्हणत होत्या, "जाऊ द्या वैनी, ती पहिलीच काढा. त्या दिशी बघितलेली."

"मग जॉइन कधी होताय?"

अप्पांनी चौकोनातून खाली पाहिलं. गादीवर साड्यांचा डोंगर आणि त्यात दानम्मा. त्यांना हो म्हणवेना आणि नाही म्हणायला जीभ उचलेना. अशा वेळी काय म्हणायचं असतं, ते मात्र त्यांनी जन्मभर ऐकलं होतं.

"जरा फिरून येतो, मॅडम."

संध्याकाळी दोघं घड्या घालत बसले होते. दुकानभर उलगडलेलं रेशीम पसरलं होतं आणि त्यावर दारातून तिरपं ऊन आलं होतं. अप्पांचा हात मधेच थांबायचा.

"फिरून येतो म्हणलात," दानम्मा म्हणाली. "असं गिऱ्हाईक येतंय का कधी माघारी?"

"केसरबाई आल्या की."

दानम्मा हसली नाही, पण शालूचं दुसरं टोक तिने धरलं. "पुस्तक गादीखाली नका ठिऊ आता. वरच राहू द्या."

आठवड्याने भगवानराव मुलाचा बस्ता घेऊन आले. दर निवडणुकीत ते सुंदररावांच्या विरुद्ध उभे राहत. दानम्माने त्यांना पंख्याखाली बसवलं. ते उठले, वर बघून अंदाज घेतला आणि बरोबर चौकोनाखाली मांडी घालून बसले. टोपी काढून बाजूला ठेवली.

"चहा गरम हाय ना, वैनी?"

"हाय की."

"सुंदररावला पाच बसले म्हणं."

"बसले."

"मग बघू," भगवानराव म्हणाले आणि बशी भरून घेतली.

दानम्माने मीटरपट्टीने फळीवर दोन टोले दिले. माळ्यावर अप्पांनी पुस्तक उघडून ठेवलं, चष्मा पुसला आणि त्यातल्या त्यात जड गठ्ठा शोधायला लागले.