मन्मथअप्पांचं हवामान खातं

आमच्या शेजारचे मन्मथअप्पा रोज संध्याकाळी टीव्हीतल्या एका बाईला लोखंडी गजानं बाजूला सारायला बघत. गज कापड मोजायचा. लातुरातलं कापडाचं दुकान मुलाच्या हवाली करताना अप्पांनी एवढी एकच वस्तू मागून घेतली होती. बाई हवामानाचा अंदाज सांगणारी. तिचा गुन्हा एवढाच, की नकाशापुढे उभी राहताना ती नेमकी मराठवाड्यावर उभी राही.

“बाई, जरा सरका,” अप्पा काचेला गज टेकवून अदबीनं म्हणत. “आमचा जिल्हा तुमच्या पाठीमागं दबून राहिलाय.”

बाई सरकत नसे. ती कोकणावरून हात फिरवी, विदर्भाकडे बोट दाखवी आणि उर्वरित भागात हवामान कोरडं राहील, असं सांगून गोड हसे.

“बघा,” अप्पा माझ्याकडे वळत, “आपण उर्वरित.”

मी मूळचा नांदेडचा, नोकरीनं लातुरात आलेला. “तुम्हाला काय कळणार, गोदावरी उशाला घेऊन झोपणारी माणसं तुम्ही,” असं मला रोज ऐकवून अप्पा शेजारी बसवून घेत. दुष्काळ असा होता, की पाहुणा आला तर चहा विचारायचा आणि पाणी विसरायचं, अशी रीतच पडली होती. टँकर येईल तेव्हा येई. आकाशात ढगाचा तुकडा नसे. पण अप्पांच्या दिवाणखान्यात रोज धो धो पाऊस पडे, तोही चार चॅनेलांवर चार तऱ्हेचा.

ती चारही ते एकापाठोपाठ एक बघत आणि त्यांची परीक्षा घेत. पहिलं सरकारी. तिथला गृहस्थ तार वाचावी तसा अंदाज वाचे. ‘तुरळक ठिकाणी हलक्या सरी’ आलं, की अप्पा खवळत. “तुरळक म्हणजे कुठं, ते सांग की बाबा. गावाचं नाव घ्यायला लाजून राहिलास का?”

मग हिंदी. तिथं ढग गरजत, वीज कडाडे आणि निवेदिका स्टुडिओतच छत्री उघडून उभी राही. याला अप्पांनी नाटक कंपनी असं नाव दिलं होतं. “मिजास बघा. डोक्यावर पंखा हाय, आन् छत्री धरून राहिली.”

तिसरं मराठी, म्हणजे आमचा जिल्हा झाकणाऱ्या बाईंचं. त्यांचा अंदाज अप्पा कापडावरून जोखत. जन्म कापडात गेलेला. “आज सिंथेटिक हाय. आज हिचं काही खरं न्हाई,” असा निकाल बाईंनी तोंड उघडण्याआधीच लागे. उलट एखाद्या दिवशी इरकल नेसून आल्या, की अप्पा सावरून बसत. “आज ऐका. सुती नेसलेलं माणूस सहसा खोटं बोलत न्हाई.” एकदा त्या इरकल नेसून आल्या आणि पाऊस येणार म्हणाल्या. अप्पांनी गच्चीवरच्या सांडग्यांची परात खाली आणवली. पाऊस आला नाही. ओले सांडगे मात्र बंद खोलीत राहून बुरसले. त्यांच्या पत्नी गंगाकाकू दोन दिवस बोलल्या नाहीत. “अंदाज हाय, हुकूम न्हाई,” अप्पा बाईंची बाजू घेत राहिले.

सगळ्यात शेवटी कानडी चॅनेल. तिथं मात्र अप्पा गज खाली ठेवत आणि कान पुढे करीत. त्यांच्या आईचं माहेर पलीकडचं, त्यामुळे कानडी त्यांना समजे. तिथं बिदरचं हवामान सांगत. लातूरच्या माणसाला बिदरच्या पावसाशी काय करायचंय, हे मला कळत नसे. विचारलं, तर अप्पा म्हणत, “माहिती असलेली बरी.”

एवढं झालं, की साडेसातच्या सुमाराला ते फोन घेऊन गॅलरीत जात, आणि मी उठून घरी येई.

मग लातूरला पाण्याची रेल्वे आली. सगळं शहर स्टेशनाकडे लोटलं. मी रजा टाकून गेलो, लोक वॅगनींना हार घालत होते, टीव्हीवाल्यांच्या गाड्यांनी रस्ता अडला होता. संध्याकाळी खुशीत घरी येतो, तर शेजारी ठेवलेल्या किल्लीनं दार उघडून अप्पा माझ्याच टीव्हीपुढे उभे, माझाच रिमोट हातात, आणि चेहरा असा, की रेल्वे रिकामीच आली असावी.

“तुमच्यावर तरी लागतंय का बघा,” ते म्हणाले. “आमच्याकडं सगळीकडं रेल्वेच हाय.”

“अप्पा, आपलं लातूर देशभर दाखवताहेत. आज खुश व्हायचं.”

“दाखवू द्या की. पण हवामान कुणी सांगायचं?”

सरकारीवर रेल्वे, हिंदीवर रेल्वे. मराठी बाईंच्या जागी स्टेशनावर घामाघूम झालेला एक वार्ताहर. कानडीवरसुद्धा आमचीच रेल्वे. अप्पा घड्याळाकडे बघू लागले. आयुष्यभर गिऱ्हाइकाला बोलण्यात गुंडाळत आलेला हा माणूस, आज त्याच्या ओठाला कोरड पडली होती.

त्यांच्यामागून गंगाकाकू आल्या. “आता बोलणार काय भावाला?” त्या मला म्हणाल्या आणि मग तिथंच, माझ्या सोफ्यावर बसून, त्यांनी सगळं सांगितलं.

अप्पांचे थोरले भाऊ, अण्णा, बिदरच्या सीमेलगत उदगीरला राहतात. उदगीरचा नवा जिल्हा व्हावा म्हणून जी मंडळी मोर्चे काढतात, त्यांत अण्णा पहिल्या रांगेत. एका साखरपुड्याच्या पंगतीत ते व्याह्यांना नव्या जिल्ह्याचा नकाशा बोटानं ताटाभोवती काढून दाखवत होते. अप्पांच्या जिभेला हाड नाही. ते म्हणाले, “अण्णा, नळाला पाणी न्हाई, अन् कलेक्टर कशाला पायजे? कोरड्या आंघोळीला?” पंगत हसली. अण्णा अर्ध्या ताटावरून उठले. तेव्हापासून दोघं भाऊ बोलत नव्हते.

“मग पाऊस गेला,” काकू म्हणाल्या. “यांनी एकदा फोन लावला, तिकडं पडला का म्हणून. अण्णा म्हणाले, न्हाई. ठेवला. दुसऱ्या दिवशी परत लावला. पावसाशिवाय दुसरं काही काढायचं न्हाई, असं आपोआप ठरून गेलं. आता एकाच च्यानलचा अंदाज सांगितला, तर एका वाक्यात बोलणं संपतंय की हो. म्हणून चार बघतात. ह्यो असं म्हणाला, ती तसं म्हणाली, असं करत करत तेवढंच जरा लांबतंय.”

अप्पा ऐकून न ऐकल्यासारखं करत होते. साडेसात झाले. त्यांनी फोन लावला. कानानं कमी ऐकू येतं म्हणून त्यांचा फोन कायम मोठ्या आवाजावर, त्यामुळे आम्हालाही ऐकू येत होतं.

“शरणार्थ, अण्णा.”

“शरणार्थ.”

“आज कुणीच काही सांगितलं न्हाई.”

“बघितलं मी. इकडं बी चारी च्यानलवर रेल्वेच हाय.”

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. म्हणजे अण्णासुद्धा रोज तीच चार चॅनेलं बघत होते, आणि तरी रोज संध्याकाळी धाकट्या भावाकडून सगळं पहिल्यापासून ऐकून घेत होते.

आता अण्णा ठेवणार, असं मला वाटलं. अप्पांचा अंगठा फोनच्या कडेवर नुसता फिरत होता.

“घरात पाणी हाय का?” अण्णांनी विचारलं.

“हाय. थोडंसं.”

“आमच्या आडाला हाय अजून. दोघं येऊन ऱ्हावा इकडं.”

अप्पा अडखळले. “अण्णा, हे हवामानात येत न्हाई.”

“गप रे. गंगाला सांग, पाण्याची भांडी न्हाई आणली तरी चालंल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं उदगीरच्या बसला निघाले. अप्पांनी नवं धोतर नेसलं होतं आणि चेहऱ्यावर प्रथमच सासुरवाडीला निघालेल्या जावयाची कळा होती. मला बाजूला घेऊन त्यांनी हलक्या आवाजात एक काम सांगितलं.

“तिथं आम्ही दोघं एकाच टीव्हीपुढं बसणार. त्यानं बघितलेलं मीच बघितलेलं. मग बोलायचं काय? गप्प बसून राहिलो, तर तो पुन्हा रुसायचा. तुम्ही साडेसातला फोन करत जा. लातूरचं काहीतरी सांगा. खरंच असलं पायजे, असं काही न्हाई.”

मी कबूल केलं. संध्याकाळी चारही चॅनेलं मन लावून पाहिली. कुणाचा ढग कुठे, कुणाची छत्री कोणत्या रंगाची, कुणाचं काय चुकलं, सगळं मनात घोळवलं. जमेल तिथं थोडं तिखटमीठ लावलं आणि साडेसातला फोन केला. तो उचलला अण्णांनी. मागून अप्पांचा आवाज येत होता. ते काहीतरी रंगवून सांगत होते आणि घरभर हसू चाललं होतं.

“लातूरचा अंदाज सांगायचा होता,” मी म्हणालो.

“उद्या सांगा हो,” अण्णा घाईनं म्हणाले. “आत्ता आमचं बोलणं चालू हाय.”